पेशीनिवासी जीवाणू : प्रतिरोध, सहनशीलता आणि तग

१. प्रास्ताविक

क्षयरोगाच्या उपचारात एक गोष्ट वरवर पाहता विसंगत वाटते. रोगजंतू औषधांना पूर्णपणे दाद देणारे असले, म्हणजे परीक्षानळीत ती औषधे त्यांचा थोड्याच दिवसांत नाश करीत असली, तरी रुग्णाला सामान्यतः सहा महिने औषधे घ्यावी लागतात. पहिल्या दोन महिन्यांच्या अखेरीस बहुसंख्य रुग्णांचा ताप व खोकला ओसरलेला असतो, वजन वाढू लागलेले असते, आणि थुंकीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवू म्हटले तरी वाढत नाहीत. तथापि याच टप्प्यावर उपचार थांबविला तर अनेकांचा रोग उलटतो. आणि उलटलेल्या रोगातील जंतू तपासले असता ते पुष्कळदा पूर्वीइतकेच औषधांना दाद देणारे आढळतात. मग जे जंतू या औषधांनी मरतात, तेच या औषधांतून वाचले कसे?

हा केवळ जीवाणुशास्त्राचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात जे नवे क्षयरुग्ण झाले त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात होता. तेव्हा वरील प्रश्नाचे उत्तर रुग्णाला त्याच्या भाषेत सांगता येते की नाही, याला व्यावहारिक महत्त्व आहे. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे असल्यामुळे प्रयोगांवर नवे मत देण्याचा त्याचा अधिकार नाही. परंतु या प्रश्नाच्या आकलनात जो अडथळा येतो तो काही अंशी शब्दांचा आहे, असे दिसून येते. मराठीत ‘प्रतिकारशक्ती’ ही माणसाची, आणि जंतू औषधाने मरेनासा झाला म्हणजे तोही औषधाचा ‘प्रतिकार’ करतो, असे आपण म्हणतो. एकाच शब्दाखाली किमान तीन निरनिराळ्या घटना झाकल्या जातात. त्या वेगळ्या करावयाच्या तर प्रथम हा जंतू राहतो कोठे आणि तेथे त्याला काय सोसावे लागते, हे पाहिले पाहिजे.

२. भक्षक पेशी आणि तिची साधने

शरीरातील काही पेशी परक्या कणांना गिळून त्यांचा नाश करतात, हे तत्त्व एली मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या अळ्यांवर केलेल्या निरीक्षणांतून मांडले. या कार्याबद्दल पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच १८८२ साली २४ मार्च रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. म्हणजे भक्षक पेशी आणि तिच्या पोटात राहून तिला दाद न देणारा जंतू, या दोहोंची ओळख विज्ञानाला एकाच वर्षी झाली.

भक्षक पेशीने जंतू गिळला म्हणजे तो एका आवरणयुक्त पिशवीत बंद होतो. प्रारंभी या पिशवीतील द्रव जवळजवळ उदासीन असतो. पुढे तीत अम्ल साठू लागते व अखेरीस लायसोसोम नावाच्या, पाचक विकरांनी भरलेल्या पिशव्या येऊन तिच्यात मिसळतात. या अवस्थेत आतील पीएच ५ च्याही खाली उतरतो. याच्या जोडीला प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा मारा होतो; पेशी उत्तेजित झाली असेल तर नायट्रिक ऑक्साइडही निर्माण होतो. शिवाय लोहासारखी आवश्यक द्रव्ये जंतूपासून काढून घेतली जातात. अम्ल, दाहक ऑक्सिडीकारके, विकरे आणि उपासमार अशी ही चौफेर कोंडी आहे. या सर्वांस मिळून जीवशास्त्रात ‘ताण’ अशी संज्ञा आहे. येथे ताण याचा अर्थ मनावरील दडपण असा नसून, ज्या परिस्थितीत पेशीचे नित्याचे व्यापार चालू शकत नाहीत ती परिस्थिती, एवढाच घ्यावयाचा.

३. वस्तीचे प्रकार

ही कोंडी चुकविण्याचे किंवा सोसण्याचे मार्ग सर्व जीवाणूंचे सारखे नाहीत. लिस्टेरिया हा जीवाणू पिशवी फोडून बाहेर पडतो. तिच्या आवरणाला छिद्रे पाडणारे त्याचे प्रथिन अम्लयुक्त वातावरणात विशेष कार्यक्षम असते. म्हणजे जंतूला मारण्यासाठी साठविलेले अम्लच त्याच्या सुटकेला उपयोगी पडते. एकदा पेशीद्रवात आल्यावर तो यजमान पेशीच्याच अ‍ॅक्टिन तंतूंच्या रेट्याने पुढे सरकतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो.

क्यू-तापाचा कारक कॉक्सिएला याची तऱ्हा नेमकी उलट आहे. तो अम्लाने भरलेल्या, लायसोसोमशी एकरूप झालेल्या पिशवीतच वाढतो. अम्ल हे त्याच्या चयापचयाचे निमित्तच होऊन बसले आहे. विषमज्वराचा जंतू ज्या वंशातला, त्या साल्मोनेलाचा मार्ग या दोहोंच्या मधला होय. भोवताली अम्ल वाढले व मॅग्नेशियम घटले की त्याच्या आवरणातील संवेदक प्रथिन ते ओळखते. त्यानंतर तो एका सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिने पिशवीच्या भिंतीपलीकडे सोडतो, आणि ती पिशवी आपल्याला राहण्याजोगी करून घेतो.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. जीवाणूला ताण हा निव्वळ आघात म्हणून भोगावा लागत नाही. आपण कोठे आहोत याची ती त्याला मिळालेली खूण ठरते. ‘ओळखतो’, ‘करून घेतो’ ही क्रियापदे अर्थात लाक्षणिक आहेत. जीवाणूला हेतू नसतो. रासायनिक बदलाला रासायनिक प्रतिसाद मिळतो, आणि तो प्रतिसाद ज्यांना देता आला त्यांचीच संतती टिकली, एवढेच त्यांतून समजावे.

४. क्षयजंतूची सिद्धता

आता क्षयजंतूकडे वळू. १९७१ साली आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे दाखविले की, जिवंत क्षयजंतू ज्या पिशवीत असतो तिच्यात लायसोसोम सहसा मिसळत नाहीत. जंतू इजा झालेला किंवा मृत असेल तर मात्र मिसळतात. पुढील संशोधनातून हेही स्पष्ट झाले की, या पिशवीत अम्ल भरणारे पंप पुरेसे येत नाहीत व तिचा पीएच ६ च्या थोडा वर राहतो. म्हणजे हा जंतू पिशवी फोडून पळत नाही किंवा पूर्ण अम्लातही राहत नाही. तो पिशवीचा विकासच अर्ध्यावर रोखून धरतो. तथापि भक्षक पेशी शरीराच्या संदेशांनी उत्तेजित झाली म्हणजे हा बंदोबस्त पुरत नाही व पूर्वोक्त सर्व आघात त्याला सोसावे लागतात.

ते सोसण्याची त्याची साधने अनेक आहेत. पहिले साधन म्हणजे त्याचे कवच. मायकोलिक अम्ले नावाच्या दीर्घ मेदाम्लांचा जाड थर त्याच्या भोवती असतो. त्यामुळे विकरे, अम्ल व पुष्कळशी औषधे यांना आत शिरणे कठीण जाते. दुसरे साधन ऑक्सिडीकारकांचा निरास करणारी विकरे. यांपैकी कॅटजी हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करते. त्याचा पुढे पुन्हा विचार करावयाचा आहे. तिसरे साधन लोह हस्तगत करणारी मायकोबॅक्टिने. चौथे साधन आहारातील पालट होय. यजमानाच्या शरीरात हा जंतू शर्करेपेक्षा मेदाम्ले व कोलेस्टेरॉल यांवर अधिक अवलंबून असतो.

या आहारपालटाविषयी २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मोठा बोधप्रद आहे. मेदाम्लांवर जगण्यासाठी आवश्यक असलेले आयसोसिट्रेट लायेज हे विकर काढून टाकलेले क्षयजंतू उंदरांना दिले असता ते प्रारंभी नेहमीसारखेच वाढले; परंतु उंदरांची प्रतिकारशक्ती जागृत झाल्यानंतरच्या काळात त्यांना टिकून राहता आले नाही. ज्या उंदरांत भक्षक पेशींना उत्तेजित करणारा गॅमा इंटरफेरॉन हा पदार्थच निर्माण होत नव्हता, त्यांत मात्र हे अपंग जंतू पुन्हा सबळ ठरले. तात्पर्य, वाढण्यासाठी लागणारी साधने निराळी आणि टिकण्यासाठी लागणारी निराळी. दुसऱ्या प्रकारच्या साधनांची गरज यजमानाने कोंडी केल्यावरच उत्पन्न होते.

पाचवे साधन सर्वांत विलक्षण आहे, ते म्हणजे स्तब्धता. प्राणवायू कमी झाला किंवा नायट्रिक ऑक्साइडचा मारा झाला की डॉस-आर नावाचे नियंत्रक प्रथिन सुमारे ५० जनुके एकदम कार्यान्वित करते. त्यानंतर जंतूची वाढ थांबते, चयापचय मंदावतो, तरी तो जिवंत राहतो. आधीच हा जंतू संथ, आतड्यातील ई. कोलाय अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयजंतूला त्यासाठी सुमारे २० तास लागतात. स्तब्ध अवस्थेत हे द्विगुणनही जवळजवळ बंद पडते.

५. रोग कसा उत्पन्न होतो

येथवर जंतूच्या टिकून राहण्याचे विवेचन झाले. परंतु टिकून राहणे म्हणजे रोग नव्हे. संसर्ग झालेल्या दर शंभर व्यक्तींपैकी साधारणतः पाच ते दहांनाच आयुष्यात केव्हा तरी क्षयरोग होतो. इतरांत शरीर व जंतू यांची कोंडी तशीच राहते. या कोंडीचे दृश्य रूप म्हणजे गुलिका. जंतूयुक्त भक्षक पेशींभोवती अन्य भक्षक पेशी व लसिका पेशी यांचे कडे पडते. मध्यभागातील पेशी मरून तेथे पनीराच्या चुऱ्यासारखा पदार्थ साचतो.

ही गुलिका म्हणजे एकाच वेळी तुरुंगही आहे आणि आसराही आहे. तिचे कडे शाबूत राखण्यात टीएनएफ या संदेशक प्रथिनाचा मोठा वाटा असतो. संधिवातावर टीएनएफला रोखणारी औषधे वापरात आल्यावर काही रुग्णांत जुना क्षय पुन्हा उसळतो असे २००१ साली निदर्शनास आले, ते याचेच प्रत्यंतर होय. उलटपक्षी प्रतिक्रिया अतिरेकी झाली तर मध्यभाग द्रवरूप होतो, फुफ्फुसाला विवर पडते, विवरात प्राणवायू मिळताच जंतू भराभर वाढतात आणि खोकल्यावाटे दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे फुफ्फुसाची जी हानी होते ती पुष्कळशी यजमानाच्याच प्रतिक्रियेने होते. कुष्ठरोगातही असेच घडते. त्याचा जंतू मज्जातंतूंच्या आवरणपेशींत राहतो. त्याला प्रबळ प्रतिक्रिया देणाऱ्या रुग्णांत जंतू अगदी थोडे असूनही मज्जातंतूंना गंभीर इजा होते.

तथापि जंतूकडे कर्तृत्व नाही असे नव्हे. क्षयजंतूची ईएसएक्स-१ ही स्रवणयंत्रणा पिशवीच्या आवरणाला इजा करते, पेशीचा मृत्यू ओढवते आणि प्रसाराला हातभार लावते. काल्मेत व गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या क्षयजंतूचे २३० वेळा पुनर्रोपण करून त्याला निरुपद्रवी केले व त्यातून बीसीजी ही लस सिद्ध झाली. त्या प्रक्रियेत जंतूने नेमके काय गमावले हे १९९० नंतरच्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. गमावलेल्या भागात या स्रवणयंत्रणेचीच महत्त्वाची जनुके होती.

६. तीन संज्ञा

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १९४४ साली डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी पेनिसिलीन व स्टॅफिलोकॉकस यांवरील प्रयोगांत असे पाहिले की, लक्षावधी जंतू मेल्यानंतरही, दशलक्षांत एखादा या प्रमाणात, काही वाचतात. ते वाढवून त्यांच्या संततीला पुन्हा पेनिसिलीन दिले तर ती पहिल्याइतक्याच प्रमाणात मरते. म्हणजे वाचलेल्यांना कोणताही आनुवंशिक लाभ झालेला नव्हता. ते औषधाच्या वेळी वाढत नव्हते, एवढेच. पेनिसिलीन हे वाढत्या जंतूच्या भित्तिकेवर आघात करणारे औषध. जेथे बांधकामच थांबले आहे तेथे त्याचा इलाज चालत नाही.

पुढील कित्येक दशके या घटनेसाठी निरनिराळे शब्द सैलपणे वापरले गेले. अखेरीस २०१९ साली या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी एकत्रितपणे संज्ञांची निश्चिती प्रसिद्ध केली. तिचा आशय मराठीत पुढीलप्रमाणे मांडता येईल.

प्रतिरोध : औषध उपस्थित असतानाही जंतू वाढत राहतो. हा गुण आनुवंशिक असतो. त्याचे माप म्हणजे वाढ थांबविण्यास लागणारी औषधाची किमान मात्रा. प्रतिरोधी जंतूत ती चढलेली असते. उदाहरणार्थ, रिफॅम्पिसिन ज्या प्रथिनाला चिकटते त्याच्या जनुकात बदल झाला की ते औषध निष्प्रभ होते.

सहनशीलता : औषध असताना जंतू वाढू शकत नाही, परंतु मरण्यास अधिक वेळ लावतो. किमान मात्रा तीच राहते. बदलतो तो मरणाचा वेग. म्हणून येथे माप मात्रेचे नसून काळाचे आहे.

तग : हीच सहनशीलता संपूर्ण समुदायात नसून त्याच्या एका लहानशा अंशात असते. औषध दिल्यानंतर जिवंत जंतूंच्या संख्येचा आलेख काढला तर तो प्रथम झपाट्याने खाली येतो व मग जवळजवळ आडवा होतो. हा आडवा भाग म्हणजे तग धरलेले जंतू.

‘तग धरणे’ हा आपला रूढ वाक्प्रचार येथे अगदी नेमका बसतो. दुष्काळात पीक तग धरते असे आपण म्हणतो तेव्हा ते वाढले असा अर्थ नसतो. ते मेले नाही, एवढाच असतो. उलट ‘प्रतिकार’ या शब्दात सामोरे जाऊन परतविण्याची छटा आहे. ती प्रतिरोधाला लागू पडते, तगाला पडत नाही. म्हणून ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द यजमानाकडे ठेवावा आणि जंतूसाठी वरील तीन शब्द योजावेत, असे सुचवावेसे वाटते.

पेशीनिवासाशी या तिसऱ्या संज्ञेचा संबंध २०१४ साली साल्मोनेलावरील एका अभ्यासाने स्पष्ट केला. भक्षक पेशीने गिळल्यानंतर साल्मोनेलातील तग धरणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ पटींनी वाढते, आणि त्याला पिशवीतील अम्ल व उपासमार हीच कारणे असतात, असे त्यात आढळून आले. ज्या ताणाने यजमान जंतूला मारू पाहतो, तोच ताण वाचलेल्या जंतूला औषधापासून संरक्षण देतो.

७. एक विकर, तीन भूमिका

या संज्ञांमधील भेद कॅटजी या एकाच विकराच्या आधारे पडताळून पाहता येतो. भक्षक पेशीत ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून जंतूचा बचाव करते. परंतु आयसोनियाझिड हे औषध स्वतः निष्क्रिय असते. जंतूच्या आत शिरल्यावर कॅटजीच त्याला क्रियाशील रूप देते आणि मग ते मायकोलिक अम्लांची निर्मिती बंद पाडते. बचावाचे साधन असे घातक ठरते.

कॅटजीचे जनुक नाहीसे झाले किंवा बिघडले तर औषध क्रियाशील होत नाही. हा प्रतिरोध होय. १९९२ साली त्याचा उलगडा झाला. मात्र विकर पूर्णपणे गमावणाऱ्या जंतूला यजमानाच्या पेरॉक्साइडपुढे उघडे पडावे लागते. म्हणूनच रुग्णांत सर्वाधिक आढळणारा बदल असा आहे की, त्याने औषधाचे सक्रियण मंदावते, पण पेरॉक्साइडचे विघटन बऱ्याच अंशी चालू राहते.

यापुढची गोष्ट २०१३ साली क्षयजंतूच्या निरुपद्रवी नातलगावर, मायकोबॅक्टीरियम स्मेग्माटिसवर, एकेक पेशी न्याहाळून सिद्ध करण्यात आली. या जंतूत कॅटजी सतत तयार होत नाही. ते अधूनमधून, उसळी घेतल्यासारखे तयार होते. आयसोनियाझिड असताना ज्या पेशींत अशी उसळी आली नाही त्या वाचल्या. जनुकात काडीचाही बदल नव्हता. हा तग होय. विशेष म्हणजे येथे वाचलेल्या पेशी इतरांपेक्षा संथ वाढत होत्या असेही नव्हते. तेव्हा स्तब्धता हे तगाचे महत्त्वाचे कारण असले तरी एकमेव कारण नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

८. उपचाराचा काळ आणि रुग्णाशी बोलणे

आता सहा महिन्यांचे कोडे सुटते. एकापेक्षा अधिक औषधे देतात ती प्रतिरोधासाठी; एका औषधाला अपवाद ठरलेला जंतू दुसऱ्याने मरावा म्हणून. दीर्घकाळ देतात ती तगासाठी. डेनिस मिचिसन यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार आयसोनियाझिड वेगाने वाढणाऱ्या जंतूंना मारते, रिफॅम्पिसिन अधूनमधून जागृत होणाऱ्यांना गाठते, आणि पायराझिनामाइड अम्लयुक्त जागी स्तब्ध राहिलेल्यांवर परिणाम करते. या अखेरच्या दोन औषधांच्या जोडीमुळेच पूर्वी वर्ष-दीड वर्षाचा असलेला उपचार १९७० च्या दशकातील चाचण्यांनंतर सहा महिन्यांवर आला.

केवळ आरंभीचा संहार वाढवून हा काळ कमी होत नाही, हेही अनुभवास आले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेल्या चार महिन्यांच्या उपचाराने थुंकी लवकर स्वच्छ झाली, तरी रोग उलटण्याचे प्रमाण सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा अधिक राहिले. रिफापेंटिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा समावेश असलेला चार महिन्यांचा उपचार सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला तो २०२१ साली.

या संदर्भात मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राचे स्मरण करणे उचित ठरेल. तेथील १९५९ च्या अहवालाने असे सिद्ध केले की, गरीब वस्तीतील रुग्णांना घरी राहून दिलेला औषधोपचार आरोग्यधामातील उपचाराच्या जवळजवळ तोडीचा असतो. महिनोन्महिने अंथरुणाला खिळण्याची सक्ती त्यामुळे संपली. परंतु त्याबरोबरच घरी राहणारा रुग्ण बरे वाटू लागल्यावर गोळ्या नियमाने घेईल कशावरून, हा प्रश्नही पुढे आला, आणि देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीची बीजे तेथे पडली.

देखरेखीच्या जोडीला आकलन हवे. ‘अर्धवट औषध घेतले तर जंतू औषधाला सरावतात’ असे रुग्णाला सामान्यतः सांगितले जाते. ते अनियमित किंवा अपुऱ्या औषधांच्या बाबतीत खरेच आहे. परंतु त्यात सगळी गोष्ट येत नाही, आणि आपले जंतू औषधाला दाद देणारे आहेत असा अहवाल हाती असलेल्या रुग्णाला ते लागू वाटतही नाही. त्याला सांगावयाचे ते असे : तुमचे बहुतेक जंतू मेले आहेत, म्हणून तुम्हांला बरे वाटते, जे थोडे उरले आहेत ते औषधाला जुमानीत नाहीत असे नव्हे, ते निपचित पडून तग धरून आहेत, ते जसजसे हालचाल करू लागतील तसतसे मरतील, पण त्या वेळी औषध शरीरात असले पाहिजे. या वाक्यांना कोणत्याही परिभाषेची गरज नाही. मात्र ती सांगणाऱ्याच्या मनात प्रतिरोध आणि तग हा भेद स्वच्छ असल्याशिवाय ती त्याला सुचणार नाहीत. वैद्यकाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत व आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणपुस्तिकांत हा भेद स्वतंत्र शब्दांनी नोंदविला जावा, एवढीच या लेखाची सूचना आहे.